युसूफ वडगावची सही

बीडच्या धानोरा रोडला माया उजगरे कुठे राहतात असं विचारलं तर फार थोडे लोक सांगू शकतील. मेसवाल्या मावशी म्हटलं की मात्र कुणीही पोरगं घरापर्यंत आणून सोडतं. डॉक्टर व्हायचं म्हणून क्लास लावायला आष्टी, पाटोदा, शिरूरकडून आलेली ही पोरं दुपार-संध्याकाळ मायाताईंकडे जेवतात. सुरुवात अगदी लहान होती. नवरा शहादेव एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मुक्कामी गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना बाहेरचं खाऊन त्रास होतो म्हणून त्याने बायकोला चार डबे करायला सांगितले. त्या चार डब्यांची पुढे मेस झाली. मुलगी पौर्णिमा नांदेडला नर्सिंगला गेली तीही या मेसच्याच जोरावर.

मेस वाढली, पण घर भाड्याचंच राहिलं. आणि भाड्याच्या घरात मेस चालवणं म्हणजे रोज कुणाच्या तरी कपाळावरच्या आठीकडे बघत फोडणी देणं. पहिला महिना मालकाला वास आवडायचा. दुसऱ्या महिन्यात गेटसमोरच्या मोटारसायकली दिसायला लागायच्या, तिसऱ्यात पाण्याची मोटार किती वेळ चालते याकडे लक्ष जायचं. त्याही आधी आडनावाचा प्रश्न असायचा. मायाताईंनी ते सगळं पाहिलेलं होतं. रिकामी खोली फोनवर रिकामी असते आणि दारात उभं राहिल्यावर तिथे मालकाचा भाचा येणार असतो, हे त्यांना नवीन नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता घरमालकाने सांगितलं की दिवाळीनंतर जागा लागेल, मुलाला तिथे दुकान काढायचंय. मायाताईंनी त्या दिवशीचा स्वयंपाक केला, पोरांना वाढलं आणि भांडी आवरल्यावर शहादेवला म्हणाल्या, "आता भाड्याचं न्हाई बघायचं. घ्यायचंच."

शहादेव म्हणाला, "बँक देईल का?"

"इचारा तर."

बँकेने काही द्यायचं कबूल केलं, काही शहादेवच्या फंडातून निघणार होतं. मग त्यांनी अभिमन्यूला गाठलं.

अभिमन्यूचं ऑफिस जालना रोडला एका गाळ्यात होतं. प्लॉट, घर, शेती खरेदी-विक्री असा बोर्ड, एक टेबल, चार खुर्च्या. पस्तिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल. बोलायचा हळू. समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं आणि मग त्याचं बोलणं आपोआप महत्त्वाचं वाटायला लागायचं.

त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, "माझं कमिशन दोन्हीकडून असतं ताई. घेणाऱ्याकडून पण अन् विकणाऱ्याकडून पण. हे मी लपवीत न्हाई."

"मग तुमी कुणाच्या बाजूनं?" मायाताईंनी विचारलं.

"व्यवहाराच्या," तो म्हणाला.

दोन-तीन घरं पाहून झाली. एकाला रस्ता नव्हता, एकाचा मालक दर भेटीला नवी किंमत सांगत होता. मग एका सकाळी अभिमन्यू त्यांना आपल्या गाडीतून घेऊन निघाला. गाडी त्याने घरापासून लांब, वळणावरच लावली.

"आत गेल्यावर घर आवडलं तरी तोंडावर दिसू देऊ नका," तो म्हणाला. "बोअरला पाणी किती, ते इचारायचं. उत्तर आलं की मान हालवायची, बास. अन् ताई, एक सांगू का, राग मानू नका. आडनाव सांगायची घाई करायची न्हाई. आधी मी त्यांना किमतीवर आणतो. एकदा मन बसलं की मग माणूस बाकीचं बघत न्हाई."

शहादेव खिडकीतून बाहेर बघत राहिला.

घर राधाकिशन नावाच्या गृहस्थांचं होतं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, बायको मुलाकडे पुण्याला गेलेली, हेही मागोमाग जायच्या तयारीत. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे ऐसपैस पडवी. पडवी बघताच मायाताईंच्या डोळ्यांसमोर पंगत बसली. इथे पोरं, तिकडे हात धुवायला नळ, त्या भिंतीला सिलिंडर. त्यांनी चेहरा कोरा ठेवला, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

राधाकिशन खुर्चीत बसले. "कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"ताई मेस चालवतात," अभिमन्यू पटकन म्हणाला. "लई नाव हाय त्यांचं."

"ते झालं. नाव?"

अभिमन्यूने घसा खाकरला. मायाताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "मी माया उजगरे. हे माझे मिस्टर, डेपोत आहेत. आम्ही बौद्ध आहोत. पुढं बोलायचं नसलं तर आत्ताच सांगा काका. घर बघून झालंय, चहा न घेता पण जाता येईल."

राधाकिशननी चष्मा काढला, पंच्याला पुसला, परत घातला. शेजारच्या घराच्या भिंतीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मला घर विकायचंय. बोला, किती देता?"

त्या बोलण्यात आपुलकी नव्हती, पण दार बंदही झालं नव्हतं. अभिमन्यू मग कामाला लागला. राधाकिशननी अठ्ठावीस लाख म्हटलं. अभिमन्यूने भिंतीची ओल दाखवली, पडवीच्या पत्र्याला हात लावून हाताला लागलेला गंज दाखवला, मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "चला ताई, काकांचा वेळ घ्यायचा न्हाई." तो राधाकिशनना अंगणात घेऊन गेला. दोघं बराच वेळ लिंबाच्या झाडाखाली उभे होते. काय बोलले ते आत ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा किंमत पंचवीसवर ठरली होती.

निघताना शहादेवने एकच प्रश्न विचारला. "घर कुणाच्या नावावर हाय?"

"वडलांनी बांधलं," राधाकिशन म्हणाले. "ते कड्याच्या साखर कारखान्यात होते. आता ते न्हाईत."

"एक बहीण हाय काकांना," अभिमन्यू म्हणाला. "केशरबाई. युसूफ वडगावला दिलेल्या. त्यांची सही लागंल. ते माझ्याकडं लागलं. तुमी इसार तयार ठेवा."

इसार दिला गेला. पावती झाली. मायाताईंनी घरमालकाला सांगून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीतच जागा खाली करतो.

त्यानंतर फोनची वाट बघणं सुरू झालं. पहिल्यांदा अभिमन्यू म्हणाला, "काल गेलतो वडगावला. ताईंना ताप हाय, पुढच्या आठवड्यात करू." पुढच्या आठवड्यात म्हणाला, "दवाखान्यात न्हेलंय म्हणं केजला." मग फोन उचलणं कमी झालं. उचललाच तर तो नेहमीपेक्षाही हळू बोलायचा. इकडे घरमालकाचा मुलगा दुकानाचं माप घ्यायला मिस्त्री घेऊन आला. मेसची पोरं जेवत असताना मिस्त्री त्यांच्या पाठीमागून टेप धरून हिंडला. एका पोराने विचारलं, "मावशी, सुट्टीनंतर मेस हाय ना?" त्याची आई आष्टीहून फोन करून विचारत होती. मायाताई म्हणाल्या, "हाय." आणि आत जाऊन तव्याखालचा गॅस बारीक केला, कारण पोळी करपत होती आणि त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दसरा झाल्यावर अभिमन्यू स्वतः घरी आला. चहा घेतला. मग म्हणाला, "सरळ सांगतो. बहिणीची सही काय लौकर व्हत न्हाई. पण नगरपालिकेत घर काकांच्याच नावावर लागलेलं हाय. खरेदीखत करून टाकू. त्या म्हाताऱ्या बाई कुठं वडगावहून कोर्टात येत्यात."

"अन् आल्या तर?" मायाताई म्हणाल्या.

"न्हाई येत. अन् ताई, दुसरं गिऱ्हाईक हाय. क्लासवाले. त्यांना होस्टेल करायचंय. ते जास्त द्यायला तयार हायत. काका अजून तुमाला दिलेल्या शब्दावर हायत, पण किती दिवस राहतील ते मी सांगू शकत न्हाई."

तो गेल्यावर नवरा-बायकोचं पहिल्यांदाच या घरावरून वाजलं. शहादेवचं म्हणणं साधं होतं. इसार अडकलाय, जागा सुटतीय, बँकेची मुदत हाय. सगळं जग असंच करतं. "आपुन एवढं सोवळं कावून पाळायचं? ती बाई आजारी हाय, तिचा भाऊ बघून घेईल."

मायाताई म्हणाल्या, "उद्या ती दारात उभी राहिली अन् म्हणली माझं घर हाय, तर मी काय सांगू तिला? मला आजवर दारातून परत लावलेलं हाय लोकांनी. मला माझ्या घरात राहून कुणाच्या बी डोळ्याला डोळा देता आला पायजे."

"मग काय करतीस?"

"मी जाऊन येते वडगावला."

"त्या अभिमन्यूला इचार आधी."

"त्याला न्हाई इचारायचं," मायाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे खिचडीचं मोठं पातेलं करून ठेवलं, पोरांना म्हणाल्या आपलं आपण वाढून घ्या, आणि बायकांच्या अर्ध्या तिकिटात केजची एसटी धरली. केजला उतरून काळी-पिवळी मिळाली. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेला माणूस केशरबाईंच्या भावकीतलाच निघाला. त्याला विचारलं, "त्यांची तब्येत कशीय आता?" तो म्हणाला, "कुणाची? केशरकाकूची? कालच रानात होती की."

मायाताईंनी त्याच्याकडून केशरबाईंच्या घराची खूण विचारून घेतली.

केशरबाई ओट्यासमोर ताडपत्रीवर पसरलेल्या सोयाबीनमधले खडे वेचत बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, नऊवारी लुगडं, कानाला थोडं कमी ऐकू येत असावं, कारण बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायच्या.

"एजंटाची बाई का तू?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. घर घेणारी मी."

"नाव काय?"

"माया उजगरे."

केशरबाईंचा हात सोयाबीनमध्ये थांबला. दाराच्या चौकटीत सून येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने केशरबाईंनी ओट्याच्या कडेकडे बोट केलं. "बस तिथं." सुनेने पाणी आणलं. तांब्या ओट्यावर ठेवला गेला, हातात दिला गेला नाही. मायाताईंनी ते पाहिलं, तांब्या उचलला आणि पाणी प्यायल्या. त्या दुसऱ्या कामाला आल्या होत्या.

"तुम्ही आजारी आहात असं कळलं होतं."

"मला काय धाड भरलीय? कोण म्हणलं?"

"अभिमन्यू."

केशरबाई उठल्या. आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. बीडच्या दुकानाची पिशवी, आत प्लास्टिकमधली साडी, घडीही मोडलेली नव्हती. ती त्यांनी मायाताईंच्या पुढ्यात टाकली.

"ही बघ. तुझ्या एजंटानं आणली. म्हणला, भावानं धाडलीय, साडीचोळी समजा अन् सही करा. म्या पिशवी उघडली. सहावारी. म्या जलमात सहावारी नेसले न्हाई. राधाची बायको मला लुगडं घेती, ते पण निवडून, काठ बघून. मग ही कुणी धाडली? भावानं धाडली म्हणून खोटं बोलणारा माणूस कागदावर काय लिवून आणील, ते मला कसं कळावं? मला वाचता येत न्हाई." त्या परत खडे वेचायला बसल्या. "म्या सही देत न्हाई असं म्हणलेच न्हाई. त्याला दोनदा सांगितलं, राधाला म्हणावं, तू ये. त्यो आलाच न्हाई."

मायाताईंना आता चित्र दिसायला लागलं होतं. तो निरोप राधाकिशनपर्यंत पोचलाच नसणार. त्यांनी फोन हातात घेतला. राधाकिशनचा नंबर इसाराच्या दिवशीच घेऊन ठेवला होता.

"मावशी, तुम्ही बोलता का त्यांच्याशी? मी लावून देते."

केशरबाईंनी मान वर केली. "त्या घरात आमचे वडील, अण्णा गेले. मागच्या पडवीत त्यांची खाट व्हती. राधा तवा नोकरीवर जायकवाडीला. अण्णांचं समदं म्या केलं, लेकरं इथं टाकून. आता राधा माझ्याशी बोलला, तर म्या त्याला काय सांगीन ठावं हाय का? इकू नगं म्हणीन. मग तुझं काय?"

इसार, बँक, सुट्टीनंतर परत येणारी पोरं हे सगळं त्यांच्या मनात एकदम आलं. फोन पिशवीत टाकून केजची जीप धरता येत होती. या बाई राधाकिशनना आपणहून फोन करणार नाहीत, हे दिसतच होतं. अभिमन्यूने सांगितलेल्या वाटेने जायचं ठरवलं असतं, तर कुणी अडवणार नव्हतं.

त्यांनी नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"काका, मी माया उजगरे. युसूफ वडगावहून बोलते. तुमच्या बहिणीजवळ बसलेय."

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग राधाकिशन म्हणाले, "तुमी तिथं कशाला गेल्या? तिला काय ते मी देतो म्हणावं. कोर्टाची धमकी द्यायची काय गरज व्हती?"

केशरबाई फोनकडे वाकल्या. "कसली कोर्टाची धमकी रं?"

"अक्का?" राधाकिशनचा आवाज एकदम बदलला. "तूच म्हणलीस ना एजंटाला, अर्धा वाटा पायजे, न्हाई तर कोर्टात जाते?"

"म्या म्हणलं, राधाला ये म्हणावं."

"मला तर त्यानं..."

"त्यानं काय सांगितलं ते र्‍हाऊ दे. तू दोन वरसात इकडं आला न्हाईस. घर इकायला काढलंस, ते मला गावातल्या माणसाकडून कळलं. तुला तोंड न्हाई का?"

मायाताई ओट्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं आपण ऐकतोय याची त्यांना लाज वाटत होती, पण फोन त्यांचा होता, उठून जाता येत नव्हतं.

"मला वाटलं तू न्हाई म्हणशील," शेवटी राधाकिशन म्हणाले. "तुझ्या तोंडून न्हाई ऐकायचं न्हवतं."

"ये तू. एकला ये. त्या एजंटाला आणू नगं."

फोन बंद झाल्यावर केशरबाईंनी वेचलेले खडे बाजूला सारले. मग सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि मायाताईंना म्हणाल्या, "आत ये. ऊन लागतंय तिथं." आत मायाताईंच्या हातात कप दिला गेला. तो केशरबाईंनी स्वतः दिला. घराचं काय होणार, याबद्दल मात्र त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

मायाताई बीडला उतरल्या तेव्हा शहादेव डेपोच्या गेटवर उभा होता. मायाताईंनी सगळं सांगितलं. तो ग्रीसचे हात पुसत ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे घर गेलं म्हण."

"गेलं बी असंल," मायाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसलेली असताना अभिमन्यू आला. शर्ट तोच कडक, पण आवाज पहिल्यांदाच मोठा होता. "तुमी मधी कावून पडल्या ताई? काका मला काय काय बोलले. गावभर माझं नाव..."

पोरांनी जेवणं थांबवली. मायाताईंनी त्याला मागच्या बाजूला नेलं.

"आजारी न्हाईत त्या," त्या म्हणाल्या.

अभिमन्यू शर्टाची बाही सारखी करू लागला.

"साडी तुमीच घेतली ना? मला सांगितलं ताप हाय. त्यांना सांगितलं भावानं साडी धाडली. भावाला सांगितलं बहीण कोर्टात जाते. तिघांना तीन गोष्टी. आमचा इसार तुमच्या शब्दावर गेलाय."

"ताई," तो आता पुन्हा हळू बोलत होता, "हे लोक समोरासमोर आले की व्यवहार मोडतो. मी पाहिलंय. भाऊ-बहीण बोलायला लागले की जुनं सगळं निघतं अन् घर तसंच राहतं. मी सगळ्यांना थोडं थोडं लांब ठेवतो. माझं कामच ते हाय. तुमचं घर व्हावं म्हणूनच केलं."

"क्लासवाले तरी खरे व्हते का?"

तो पत्र्याकडे बघत राहिला. "फोनवर चौकशी केली व्हती त्यांनी. एकदा."

मायाताईंनी त्याला जेवून जा म्हटलं. तो जेवला नाही.

मग कुणाचाच फोन आला नाही. राधाकिशन वडगावला गेले एवढं त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. घरमालकाने मागचा पत्रा काढायला सुरुवात केली. मायाताईंनी गॅसची शेगडी पुढच्या खोलीत आणली. पोरं फोडणीच्या धुरात जेवायला लागली, डोळे चोळत. कुणी तक्रार केली नाही आणि तेच मायाताईंना जास्त लागलं. एका रात्री नांदेडहून पौर्णिमाचा फोन आला तेव्हा तिला त्या म्हणाल्या, "सगळं ठीक हाय." पौर्णिमा म्हणाली, "आई, तू ठीक हाय म्हणतीस तवा मला भ्या वाटतं."

दिवाळी अगदी तोंडावर आली तेव्हा राधाकिशनचा फोन आला. अभिमन्यूच्या ऑफिसात या म्हणाले. काय ठरलं ते फोनवर सांगायला तयार नव्हते.

ऑफिसात केशरबाई आधीच येऊन बसलेल्या होत्या. बाजूला राधाकिशन, टेबलामागे अभिमन्यू. मायाताई आणि शहादेव उरलेल्या खुर्च्यांवर बसले.

"घर विकायचंय," राधाकिशन म्हणाले. "आम्हा दोघांपैकी तिथं कुणी राहणार न्हाई, म्हणून अक्काला मान्य हाय. पण निम्मं अक्काचं. ते तिला द्यायचंच. मग माझ्या हातात काय राहतं? पुण्यात मला दोन खोल्या घ्यायच्यात. सत्तावीसच्या खाली जमणार न्हाई."

मायाताईंनी केशरबाईंकडे पाहिलं. मनात कुठेतरी त्यांना वाटलं होतं की ही बाई आपल्या बाजूने बोलेल. केशरबाई म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नगं. भाव वाढला तर माझा बी वाढतोय. म्या हक्क सोडीत न्हाई आता. समद्या बहिणी सोडत्यात."

त्यात चूक काही नव्हती. खरं बोलण्याची किंमत त्यांनाच भरायची होती. शहादेवने खुर्ची मागे सारली. तो उठणार हे त्यांना कळलं.

अभिमन्यू म्हणाला, "काका, जरा बाहेर या. बोलू."

"न्हाई," मायाताई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "आता कुणी कुणाला बाहेर न्यायचं न्हाई. काय ते इथंच, सगळ्यांसमोर."

मायाताई पुढे सरकल्या. "काका, इसार झाला तवा पंचवीस ठरलं व्हतं. तुमी सही आणायची व्हती, ती आली न्हाई, ती मी जाऊन मागितली. बँक किती देती ते सांगते. फंडाचं किती निघालं ते बी सांगते." आणि त्यांनी सांगून टाकलं. घेणाऱ्याने आपला खिसा असा उघडा करायचा नसतो. अभिमन्यूने डोळे मिटले. "हे मिळून पंचवीसच व्हतं. त्याच्या वर मी एक लाख आणू शकते. माझ्या बहिणीकडून, उसने. त्याच्यावर रुपया न्हाई. पण मला किल्ली आत्ता पायजे. खरेदीखत बँकेमुळं दिवाळीनंतर व्हईल. तवर माझी मेस बंद पडली, तर हप्ता कशातून भरू? जमत असलं तर बोला. न्हाई तर इसार परत द्या, मी दुसरीकडं बघते."

राधाकिशन म्हणाले, "खरेदीखताआधी किल्ली? कुणी देतं का?"

कुणीच देत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. राधाकिशननी अभिमन्यूकडे पाहिलं. विकणाऱ्याला अशा वेळी एजंटाने सावध करायचं असतं. अभिमन्यू टेबलावरचा मोबाइल उलटा-सुलटा करत बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "द्या काका. जबाबदारी माझी, लिहून देतो. यांनी पैसे थकवले तर माझ्याकडून घ्या. अन् ताईंकडून मी कमिशन निम्मंच घेईन, ते पण खरेदीखत झाल्यावर."

"तुझ्या जबाबदारीला काय अर्थ हाय?" केशरबाई म्हणाल्या.

अभिमन्यूचा चेहरा उतरला. केशरबाई थोडा वेळ मायाताईंकडे बघत राहिल्या, मग भावाला म्हणाल्या, "किल्ली दे राधा. ही बाई पळून जाणारी न्हाई. पळायचं असतं तर वडगावला आली नसती."

राधाकिशननी खिशातून किल्ली काढली. टेबलावर ठेवायला हात पुढे केला, थांबले, आणि ती मायाताईंच्या हातात दिली.

दिवाळीच्या सुट्टीत भांडी टेम्पोत भरून आली. खरेदीखत पुढच्या महिन्यात झालं. रजिस्ट्री ऑफिसात केशरबाईंनी अंगठा द्यायच्या आधी कारकुनाकडून सगळं वाचून घेतलं, मध्ये दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मागे रांग ताटकळली तरी त्यांनी घाई केली नाही. अभिमन्यू कोपऱ्यात उभा होता. काम झाल्यावर तो मायाताईंना म्हणाला, "ताई, कुणाला घर घ्यायचं असलं तर सांगा." मायाताई आजही त्याचा नंबर देतात, कारण घर शोधण्यात आणि भाव पाडण्यात तो तरबेज आहे. देताना एवढं सांगतात की ज्याचं घर आहे त्याच्याशी आणि त्याच्या भावा-बहिणींशी एकदा स्वतः जाऊन बोला.

शेजारची बाई पहिले काही महिने कुंपणापाशी आली नाही. अजूनही फार येत नाही. मायाताई त्याबद्दल बोलत नाहीत.

अंगठा दिला त्याच दिवशी केशरबाई म्हणाल्या की वडगावला जायच्या आधी त्यांना घर बघायचंय. मायाताई त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. मागच्या पडवीत पोरांची जेवणं चालू होती. ताटं, पाण्याचे जग, कोपऱ्यात चपलांचा ढीग. केशरबाई दारात थांबल्या. पश्चिमेकडच्या भिंतीला, जिथे एकेकाळी अण्णांची खाट असावी आणि आता सिलिंडर होते, तिकडे त्या बराच वेळ बघत होत्या. मायाताई म्हणाल्या, "पोरांना उठवू का जरा?"

"नगं. जेवू दे त्यास्नी," केशरबाई म्हणाल्या. एका पोराने सरकून जागा केली. त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि ताट यायची वाट बघू लागल्या.